पावशेर तुपाचा विसर

आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी इंदापूरचा मुक्काम हलवते, विठ्ठलवाडी-वडापुरी करत बावड्याला येते आणि इथला विसावा झाला की सराटीला मुक्कामी जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी नीरेच्या पात्रात पादुकांना स्नान घालतात. नदी ओलांडली की अकलूज, सोलापूर जिल्हा. या वाटेवर कुणीही कुणाला भेटलं की 'रामकृष्णहरी' म्हणतं. टँकरपुढच्या रांगेत घुसायचं असलं तरी आधी रामकृष्णहरी, गर्दीत पायावर पाय पडला तरी रामकृष्णहरीच. हा मंत्र तुकोबांना स्वप्नात मिळाला. जाग आल्यावरही तो ध्यानात राहिला, म्हणून पुढचं सगळं झालं. एरवी बावड्याच्या चौकात माणसं नुसतं रामराम करून पुढं गेली असती.

त्या स्वप्नाचा अभंग गाथेत आहे. तुकोबा सांगतात, गंगास्नानाला जाताना वाटेत सद्गुरू भेटले. त्यांनी मस्तकावर हात ठेवला. जेवणासाठी पावशेर तूप मागितलं, पण ते द्यायचं स्वप्नातच विसरून गेलं. काही अंतराय झाला असावा, म्हणून गुरू घाईनं निघाले. राघव चैतन्य, केशव चैतन्य ही परंपरेची खूण, बाबाजी हे स्वतःचं नाव आणि मंत्र, एवढं त्यांच्याकडून मिळालं. दिवस माघ शुद्ध दशमी, वार गुरुवार. या तिथी-वाराचा मेळ कोणत्या शकात बसतो याची गणितं अभ्यासकांनी पुढं अनेकदा मांडली, वादही घातले. एका रात्रीच्या स्वप्नावरून पंचांगं उलटली गेली.

कीर्तनकार त्या तुपाचे नाना अर्थ लावतात. मला ते तूपच वाटतं. तुकोबांचं घर वाण्याचं, महाजनकीचं. दुकानात वावरलेल्या माणसाच्या स्वप्नात गुरू आला तरी तो मापानं मागतो, 'थोडं तूप वाढ' म्हणत नाही. आणि दारी आलेल्यानं मागितलेलं द्यायला विसरणं ही कुणाही गृहस्थाला टोचणारी गोष्ट. मंत्र मिळाल्याचा आनंद सांगताना तुकोबांनी ही टोचणी गाळली नाही. स्वप्न नीट आठवणाऱ्या माणसाची ही ओळख असते. चांगलं तेवढं ठेवून बाकीचं झाकून टाकायचा मोह जागेपणी फार होतो. पाच मिनिटांत स्वप्न इतकं गुळगुळीत होतं की ते आपण पाहिलं की रचलं हेच कळत नाही. तूप राहिलं, म्हणून ते स्वप्न खरोखर पडलं असावं असं वाटतं.

दुसरं स्वप्न नामदेवांचं. नामदेव पांडुरंगाला बरोबर घेऊन आले आणि कविता करायला सांगून गेले. शतकोटी अभंगांचा संकल्प होता, त्यातले उरलेले तू पुरे कर, असा तो हुकूम. इथंही माप आहे आणि ते खुद्द विठ्ठलानं धरलंय. आणखी एक बारकावा आहे. विठ्ठलानं थापटून सावध केलं, असं तुकोबा म्हणतात. म्हणजे स्वप्नातला माणूसच झोपलेल्याला जागं करतो आणि मग काम सांगतो. तीनशे वर्षांनी झोपेच्या प्रयोगशाळांनी जे दाखवून दिलं त्याच्याशी हे चमत्कारिक जुळतं: स्वप्न चालू असताना जाग आली तरच ते हाताला लागतं. त्याकडं पुढं येऊच.

जागं करण्याबद्दलची काळजी त्याहून फार जुनी आहे. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य जनकाला स्वप्नाबद्दल सांगतो, तिथं लोकांत चालत आलेला एक इशारा येतो: झोपलेल्याला एकदम हलवून उठवू नये, बाहेर गेलेला पुरुष परतीची वाट चुकला तर त्यावर उपचार अवघड. आजही आमच्याकडं पोराला गदागदा हलवून उठवणाऱ्या बापाला घरातली म्हातारी ओरडते. तिनं उपनिषद वाचलेलं नसतं.

वैद्यांनी मात्र स्वप्नाचा हिशेब रोखठोक मांडला. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार आहेत: पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, मागितलेलं, कल्पिलेलं, पुढचं सुचवणारं आणि वात-पित्त-कफाच्या बिघाडातून येणारं. यातले पहिले पाच निष्फळ. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही आपली म्हण याच पाचांची. याखेरीजची निष्फळ स्वप्नं वाग्भटानं अष्टांगहृदयात मोजली. दिवसा पडलेलं निष्फळ, फार लांबलेलं निष्फळ, फार तोकडं निष्फळ, आणि विसरलेलंही निष्फळ. रात्रीच्या सुरुवातीला पडलं तर फळ उशिरा आणि थोडं. गायी सोडायच्या वेळी, म्हणजे पहाटे पडलं, तर त्याच दिवशी आणि मोठं. मात्र त्यानंतर पुन्हा झोप लागता कामा नये.

'विसरलेलं निष्फळ' हा नियम वाचताना वाटतं, बरं झालं, निदान हजारभर वर्षांपूर्वीची माणसंही विसरत होती. पण त्याचा परिणाम काय झाला असेल ते बघा. स्वप्न ध्यानात राहिलं तरच त्याला किंमत, आणि राहायचं तर पहाटे पडलं पाहिजे आणि पडल्यावर जागं राहिलं पाहिजे. फळ-बिळ बाजूला ठेवलं तर उरते ती स्वप्न लक्षात ठेवायची रीत. पहाटेचं स्वप्न खरं होतं असं म्हणतात. खरं होवो न होवो, आठवतं तेच.

संतांच्या काळात या रीतीला एक नवी गरज येऊन मिळाली. स्वप्नातून निरोप यायला लागले. ज्ञानेश्वर एकनाथांच्या स्वप्नात आले आणि म्हणाले, अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागलीय, आळंदीला येऊन काढ. नाथ गेले. 1584 साली त्यांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी पुरी केली, तिच्यामागं परंपरा हे स्वप्न सांगते. अशा स्वप्नाला पत्ता असतो आणि काम असतं. दोन्ही असलं की विसरणं कठीण. गावोगावच्या देवळांच्या कथा याच घाटाच्या. बारामती तालुक्यातल्या मोरगावला मोरया गोसावींना दृष्टांत झाला आणि कऱ्हेत स्नान करताना मूर्ती हाती आली, असं सांगतात. महडच्या वरदविनायकाची मूर्ती 1690 मध्ये धोंडू पौडकरांना तळ्यात सापडली तीही स्वप्नावरून, अशी तिथली कथा. जिथं सापडलं नाही तिथलं देऊळ उभं राहिलं नाही आणि कथाही राहिली नाही, हेही धरून चाललं पाहिजे.

या सगळ्यात मला सर्वांत भरवशाची साक्ष बहिणाबाईंची वाटते. चौधरींच्या बहिणाबाई नव्हेत, तुकोबांच्या शिष्या. वेरूळजवळच्या देवगावात जन्म, लहानपणीच वयानं बऱ्याच मोठ्या बिजवराशी लग्न, आणि घर सोडून फिरत फिरत कुटुंब कोल्हापुरात आलेलं. तिथं जयरामस्वामींची कीर्तनं चालत आणि त्यांत तुकोबांचे अभंग म्हटले जात. बहिणाबाईंना एका वासराचा लळा होता. ते वासरू मेलं. त्या शुद्ध हरपून पडल्या. त्या अवस्थेत त्यांना तुकोबा दिसले. शके 1569, कार्तिक वद्य पंचमी, रविवार. इंग्रजी हिशेबानं 1647 चा नोव्हेंबर. तिथी आणि वार त्यांनी आत्मनिवेदनात स्वतः दिलेत आणि आज गणित मांडून बघितलं तर वार बरोबर येतो.

तेव्हा तुकोबा देहूत हयात होते. बहिणाबाईंनी त्यांना पाहिलेलं नव्हतं, ऐकलेलं होतं, तेही दुसऱ्याच्या तोंडून. आणि स्वप्नात काय झालं? तुकोबांनी मस्तकावर हात ठेवला आणि मंत्र दिला. बाबाजींनी तुकोबांसाठी केलं तेच. ही नक्कल आहे असं कुणी म्हणेल, मला तसं म्हणायचं नाही. कीर्तनात बसलेली विशीच्या आतली बाई गुरूचं स्वप्न कसं असतं हे कानानं शिकली होती. हात कुठं ठेवतात, काय देतात, सांगताना दिवस सांगायचा असतो, हे तिला ठाऊक होतं. आठवणीला बसायला जागा तयार होती, म्हणून स्वप्न तिथं येऊन बसलं. मंत्र मिळाल्याचा साधा आनंदही तिला मिळाला नाही. ब्राह्मणाची बायको शूद्राला गुरू करते म्हणून नवरा संतापला. लोक तिला बघायला यायला लागले तेव्हा तर जास्तच. तरी तिनं तिथी बदलली नाही. 1700 साली मरताना तिनं मुलाला आपल्या मागच्या बारा जन्मांची हकिगत सांगितली. एका स्वप्नापासून सुरू झालेली सवय म्हणायची, कुठवर गेली!

पुढची कडी महिपतींची. राहुरीजवळच्या ताहराबादचे हे कुलकर्णी. त्यांनाही तुकोबांनी स्वप्नातच अनुग्रह दिला. तुकोबा जाऊन तेव्हा शंभराच्या आसपास वर्षं झाली होती. संतांची चरित्रं लिहायचं बळ तिथून आलं असं ते मानत. 1762 मध्ये त्यांचा 'भक्तविजय' पुरा झाला आणि आपल्याला आज संतांच्या ज्या गोष्टी पाठ आहेत त्यांतल्या कितीतरी त्याच ग्रंथातून कीर्तनात आल्या. बाबाजी तुकोबांच्या, तुकोबा बहिणाबाईंच्या, तेच पुन्हा महिपतींच्या स्वप्नात. या वंशावळीत कुणीही कुणाला जागेपणी दीक्षा दिलेली नाही. एकजण जरी सकाळी उठून 'काय बरं होतं ते' म्हणत डोकं खाजवत बसला असता तर साखळी तिथंच तुटली असती.

ही झाली नावाजलेली माणसं. बिननावाच्या बायांचं काय? त्यांच्याजवळ जातं होतं. बाई पहाटे उठायची ती थेट दळायलाच बसायची. डोळ्यांवर झोप, घरातले सगळे निजलेले, हाताला एकसारखी गती आणि तोंडी ओवी. गी पॉइट्विन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यांत पुणे जिल्ह्यातल्या गावांचा वाटा मोठा आहे. जात्यावरच्या ओवीत सपान पुन्हा पुन्हा येतं: माहेरचा भाऊ दारात आलेला, विठ्ठल वाटेत भेटलेला. यातली किती स्वप्नं खरोखर त्या रात्री पडलेली आणि किती ओवीच्या रिवाजातली, ते वेगळं काढता येणार नाही. पण जुळणी बघा. जाग येणं आणि शब्द सापडणं यांच्यात कुणी मध्ये येत नाही, पीठ पडेपर्यंत तासभर तेच तेच घोळवता येतं आणि शेजारी दुसरी दळणारी असली तर ऐकायलाही कुणी आहे. पुढं युरोपात उशाशी वही ठेवायचा जो मार्ग निघाला त्याहून हा सरस होता असं माझं मत आहे. गिरणी आली आणि बाईची पाठ मोकळी झाली, ते झालंच पाहिजे होतं. सपान मात्र तेव्हापासून चुलीपुढच्या घाईत विरघळायला लागलं.

आठवण्याची रीत होती तशी विसरण्याचीही होती, तिचा पसारा कदाचित अधिकच. पोरगं रात्री दचकून उठलं की आजी म्हणायची, "काय न्हाय, कूस बदल आन् झोप." राम, स्कंद, हनुमान, गरुड आणि भीम या पाच नावांचा श्लोक निजताना म्हटला की वाईट स्वप्न पडत नाही, अशी समजूत. चरकानंही वाईट स्वप्नानंतर परत झोपून चांगलं पाहिलं तर फळ चांगलंच धरलंय. आता आजीच्या उपायाची गंमत अशी की आजचे जाणकार स्वप्न आठवायला नेमकं उलटं सांगतात. जाग आली की कूस बदलू नका, हातपाय हलवू नका, डोळेही उघडू नका. शेवटचं जे दिसत होतं त्याची शेपटी धरा आणि मागं मागं ओढत न्या. मग दोन-चार शब्द टिपून ठेवा. आजीला हे यंत्र पुरतं माहीत होतं. ती ते बंद करायला वापरत होती.

उशाशी वही ठेवणाऱ्यांत मोठं नाव फ्रान्सच्या एर्व्ही द सँ-देनी यांचं. तेराव्या वर्षापासून त्यांनी स्वप्नं लिहून ठेवली. 1867 मध्ये त्यांचं पुस्तक निघालं तोवर बावीस वह्या आणि 1,946 रात्री भरल्या होत्या. अमेरिकेत मेरी कॅल्किन्स या बाईंनी गजर लावून रात्री-अपरात्री उठायचं आणि मेणबत्तीच्या उजेडात लिहायचं असा नेम केला. एका सहकाऱ्याच्या स्वप्नांची भर घालून 375 स्वप्नांचा हिशेब 1893 मध्ये छापला. फ्रॉईडचा ग्रंथ त्यानंतर आला आणि सगळा उजेड त्याच्यावर पडला. कॅल्किन्सबाईंना मात्र फ्रॉईडच्या आधीच एक साधी गोष्ट कळली होती: स्वप्नं बहुतेक पहाटेकडची हाती लागतात.

कारण कळायला 1953 साल उजाडावं लागलं. शिकागोत युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपलेल्या माणसाची बुबुळं पापण्यांखाली झपाझप हलतात तो टप्पा शोधला. चार वर्षांनी विल्यम डेमेंट आणि क्लाइटमन यांनी त्याच टप्प्यात माणसांना उठवलं. 191 वेळा उठवलं, त्यात 152 वेळा स्वप्न सांगितलं गेलं. इतर टप्प्यांत उठवलं तर शंभरात सातेक वेळाच. साधारण दीड तासाच्या फेऱ्यांनी हा टप्पा येतो आणि रात्र सरत जाते तसा लांबत जातो. पहाटेचा सगळ्यात लांब. त्या वेळी मेंदूत नॉरॲड्रेनलिन हे रसायन जवळजवळ थांबलेलं असतं. एखादी गोष्ट पक्की ध्यानात बसायला ज्यांची मदत होते त्यांत ते एक. म्हणून झोपेतून सरळ उठलो नाही, पुढच्या झोपेत गेलो, की मागचं काहीच उरत नाही. वाग्भटानं 'गायी सोडायची वेळ' आणि 'पुन्हा झोपू नये' म्हटलं तेव्हा त्याच्याकडं बुबुळांचा आलेख नव्हता. पहाटे उठणारी, उठल्यावर एकमेकांना सांगणारी माणसं पुष्कळ होती.

वही ठेवणाऱ्यांचा अनुभव असा, की पहिले काही दिवस कोरे जातात, मग एखादा रंग, एखादं नाव हाताला लागतं आणि पंधरवड्यात रोज काहीतरी मिळायला लागतं. यात फार मोठी विद्या नाही. निजताना 'उद्या आठवायचंय' एवढं मनात धरायचं. पण वही लवकरच सुटते, कारण वहीला कुणी विचारत नाही. तुकोबांचं स्वप्न ऐकायला टाळकरी होते, बहिणाबाईंचं ऐकायला तक्रार करणारा का होईना नवरा होता. मला शिकायचं झालं तर मी वहीपेक्षा विचारणारं माणूस शोधीन. सकाळी चहाला 'रात्री काय दिसलं?' म्हणणारं एक पोरगं घरात असलं की आठवडाभरात घरादाराची स्वप्नं बाहेर पडतात. खोटी थोडी मिसळतात, तेवढं चालवून घ्यायचं.

आज बावड्यात विचाराल तर 'सपान-बिपान कुठलं पडायला' असं उत्तर येतं. सकाळी डोळा उघडला की हात मोबाईलवर, आणि रात्री आलेले पन्नास मेसेज वाचून झाले की काय पाहिलं होतं ते आपणच पुसून टाकलेलं असतं. शेतकऱ्याची मात्र एक सोय आहे, सोय म्हणायला जीभ रेटत नाही. कालव्याच्या आणि नीरेच्या पाण्यावरचा ऊस, आणि शेतीची लाईट पाळीनं. एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. रात्रीच्या आठवड्यात माणूस बाराला मोटार चालू करून बांधावरच्या खोपटात पडतो, दोनला दारं मोडायला उठतो, चारला पुन्हा. साप-किरडू, थंडी, गुडघाभर चिखल, कुणाच्या वाट्याला येऊ नये अशी झोप. कॅल्किन्सबाई गजर लावून जे करत होत्या ते इथं लाईट फुकट करते. ज्याला एरवी वर्षभर एक स्वप्न आठवत नाही तो त्या आठवड्यात सकाळी चहाच्या टपरीवर तीन-तीन सांगतो. मेलेला बैल येतो, शाळेतले मास्तर येतात, एखाद्या वर्षी वारीच्या आसपास पांडुरंगही येतो. आणि त्यातलं एक तरी मोटार जळाल्याचं असतंच.